जवारी कुणी काढली

मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. अब्बांच्या हातात हत्यारांची कापडी पिशवी होती. माझे हात रिकामेच होते, म्हणून मी उगाच ओढणीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. आत पाऊल टाकायच्या आधी अब्बा माझ्याकडे वळले.

"माझ्या मागंच बस. गुडघा विसरू नकोस."

"नाही विसरत," मी ओठ नीट हलवत म्हटलं.

घरी आम्ही आमच्या दख्खनीत बोलायचो, पण आता सगळं मराठीतच सांगते.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. मी बावीस वर्षांची होते. आमचं घर मिरजेचं, चार पिढ्या तंबोरे बनवणारं. माझे अब्बा, दस्तगीर मिस्त्री, यांच्या तंबोऱ्यासाठी लोक धारवाडहून, पुण्याहून यायचे. भोपळा आणि दांडी तर गल्लीतले सगळेच चांगली जोडायचे. अब्बांचं नाव होतं ते जवारीसाठी. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती कानशीने केसाएवढी घासायची, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, आणि मग तार छेडली की आवाज नुसता टण्ण करून मरत नाही, गुंजत गुंजत लांबत जातो. ती जवारी. घासून, दोरा सरकवून ती जमवणं म्हणजे जवारी काढणं. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. फक्त कानाला कळते.

आणि अब्बांचे कान गेले होते.

एकदम नाही गेले. आधी पातळ आवाज गेले, मग माणसांचं बोलणं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस सुकलीय, इलाज नाही. हे अम्मीला माहीत होतं आणि मला. तिसऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही, असं अब्बांनी आम्हा दोघींना बजावलं होतं. बहिऱ्या माणसाच्या हातात आपला तंबोरा कोण देईल?

मग आम्ही एक युक्ती काढली. अब्बा कामाला बसले की मी त्यांच्या पाठीमागे पॉलिशचं काही काम घेऊन बसायची. ते कानस मारायचे, तार छेडायचे. मी गुडघा त्यांच्या पाठीला एकदा टेकवला की अजून घासायचं, दोनदा टेकवला की थांबायचं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, पोरगी बापाला हत्यारं द्यायला बसलीय. दोन वर्षं अशी गेली. अब्बा घरी नसताना मी जुन्या, टाकून दिलेल्या घोड्यांवर कानस मारून बघायची. पण गिऱ्हाइकाच्या तंबोऱ्याला मी कधी कानस लावली नव्हती.

आणि मैफल मी कधीच ऐकली नव्हती. सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. घरात दिवसभर तंबोरे लागायचे, पण त्यांच्यावर गाणारं कुणी नाही. लहानपणी एकदा मी हट्ट धरला होता, तेव्हा अब्बा म्हणाले होते, "आपलं काम गाणं सुरू व्हायच्या आधी संपतं."

त्या दिवशीचं गाणं सुमित्राबाई हेर्लेकरांचं होतं. रविवारी सकाळी दहाला. आदल्या दिवशी संगीत मंडळाचे डॉक्टर चिपरीकर आमच्या दुकानात येऊन सांगून गेले होते, की बाईंच्या एका तंबोऱ्याची जवारी बसलीय, आवाज कोंडलाय, आणि मिस्त्रींनीच येऊन ती काढावी असा बाईंचा निरोप आहे. डॉक्टरांचं बोलणं मी अब्बांना नंतर पुन्हा सांगितलं. अब्बांनी फक्त मान हलवली. तंबोरा घरी पाठवायला सांगू का, असं मी विचारलं. तर म्हणाले, "नको. आपण जाऊ. तूही चल."

वधूपक्षाच्या खोलीत बाई बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, सावळ्या, केस घट्ट मागे बांधलेले, अंगावर जांभळ्या काठांची पांढरी साडी. त्यांच्याबरोबर त्यांची शिष्या होती, मृणाल नावाची. दोन तंबोरे भिंतीला टेकवून ठेवले होते. दोन्ही अब्बांनीच अकरा वर्षांपूर्वी केलेले.

"या दस्तगीरभाई," बाई म्हणाल्या. "ही मुलगी का?"

"जी, माझी शमीम," अब्बा म्हणाले. समोर बघून बोलणाऱ्या माणसाचं त्यांना बरंचसं समजायचं.

मृणाल चहा सांगायला बाहेर गेली. अब्बांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तारा सैल करून बाजूला सारल्या आणि कानस काढली. मी पाठीमागे बसले. त्यांनी घासलं, तार चढवली, छेडली. आवाज कोंडलेला होता. मी एकदा गुडघा टेकवला. पुन्हा घासलं. पुन्हा छेडलं. अजून कोंडलेलाच. मी गुडघा टेकवला.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या होत्या. तिथून, अब्बांच्या पाठीमागून, त्या सहज बोलल्या, "दस्तगीरभाई, खर्जाची तार बदलायची का हो?"

अब्बा घासत राहिले.

मी घाईघाईने म्हटलं, "नको बाई, तार चांगली आहे."

"मी त्यांना विचारलं."

बाई माझ्याजवळ आल्या आणि खाली बसल्या. गुडघेदुखीमुळे त्यांना बसायला वेळ लागला.

"मुली, त्यांच्या पाठीवर काय लिहितेस मघापासून?"

आता संपलं, असं वाटलं. दुकान, नाव, सगळं. बाईंनी एक शब्द जरी बाहेर बोलून दाखवला, तरी महिनाभरात धारवाडपर्यंत बातमी जाणार होती. अब्बांना काहीतरी जाणवलं असावं, त्यांनी मागे वळून बघितलं. आधी माझ्याकडे, मग बाईंकडे.

मी हात जोडले. "बाई, कुणाला सांगू नका. काम चोख होतं हो. कान माझे असले तरी हात त्यांचाच आहे."

बाईंनी माझ्या जोडलेल्या हातांकडे लक्षच दिलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आज हातही तुझाच लागू दे. कानस घे."

"मी? मी कधी…"

"दहाला मला गायचंय. वेळ घालवू नकोस."

मला वाटलं अब्बा नको म्हणतील. पण त्यांनी तंबोरा उचलून माझ्या मांडीवर ठेवला, कानस माझ्या हातात दिली आणि स्वतः सरकून भिंतीला टेकून बसले.

घोडी एकदा जास्त घासली गेली की परत भरता येत नाही. तासाभरावर मैफल, समोर सुमित्राबाई, आणि हातात पहिल्यांदाच दुसऱ्याचा तंबोरा. पहिल्या दोन वेळा कानस नुसती वरून फिरली, कारण मी भीत होते. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. घरी टाकाऊ घोड्यांवर काम करताना मी डोळे मिटूनच करायची, हे मला तेव्हा आठवलं. मग हात आपोआप चालायला लागला. घासायचं, पुसायचं, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, पुन्हा घासायचं. किती वेळा केलं ते आता सांगता येणार नाही. चहा येऊन गार झाला. शेवटी खर्जाच्या तारेखाली दोरा सरकवला, बोटाने जरासा मागे ओढला, आणि आवाज उघडला. सगळी खोली भरली.

बाईंनी तंबोरा घेतला. चारही तारा बराच वेळ छेडत बसल्या. छान नाही, वाईट नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता लगेच घरी जायचं नाही. पुढं बसा दोघंही. गाता गाता बसली जवारी तर मला हाक मारायला कुणीतरी लागेल."

अशी मी माझ्या पहिल्या मैफलीला बसले. पहिल्या रांगेत, सतरंजीवर, अब्बांच्या शेजारी, हात घोडीच्या भुकटीने पांढरे झालेले. हॉल भरला होता. बायका होत्या, म्हातारी माणसं होती, दोन-तीन लहान मुलंही होती. पडदा बाजूला झाला. बाई मधे, मागे दोन्ही बाजूंना तंबोरे, एक मृणालच्या हातात आणि दुसरा मंडळाच्याच एका विद्यार्थिनीच्या. तबला आणि पेटी जुळली. बाई गायला लागतील असं वाटत होतं, तेवढ्यात त्या बोलल्या.

"हे दोन्ही तंबोरे तुमच्या गावच्या दस्तगीर मिस्त्रींनी केलेले. अकरा वर्षं मी यांच्यावर गातेय. माझ्या डाव्या हाताच्या तंबोऱ्याची जवारी आज सकाळी त्यांच्या मुलीनं, शमीमनं काढली. इतका चांगला तो कधी बोलला नव्हता. आता गाणं बिघडलं, तर मला सबब नाही."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. आमच्या आजूबाजूची सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मला आनंद झाला असेल असं वाटेल, पण झाला नाही. मुलीनं काढली म्हणजे बापानं का नाही काढली, हे आता प्रत्येकजण विचारणार. बाईंनी सगळ्यांसमोर आमचं झाकलेलं उघडं केलं, असं मला वाटलं. मी त्यांना हात जोडले होते, तरीसुद्धा.

टाळ्या बघून अब्बांनी माझ्या कोपराला हात लावला. "काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या तोंडाकडे वळून हळूच म्हटलं, "तुमचं नाव घेतलं. तंबोरे तुमचे म्हणून."

"अजून?"

"अजून काही नाही."

"तुझ्याबद्दल काही?"

आमचं झाकलेलं उघडं पडलं हे त्यांना तिथे कळू नये म्हणून मी मान हलवली. नाही.

अब्बांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. आपल्याला गाणं ऐकू येणार नाही याचं त्यांना वाईट वाटत असेल, असं मी समजले. मग बाईंनी सा लावला आणि मी अब्बांनाही विसरले.

त्या सकाळी मला काय झालं ते नीट सांगायचं म्हटलं तर एवढंच सांगता येईल. आमच्या घरी तंबोऱ्याचा आवाज हेच सगळं होतं. तो उघडला की काम संपलं. इथे बाईंचा आवाज त्या आवाजात शिरला आणि तंबोरा ऐकूच येईनासा झाला. मी घाबरले. जवारी बसली, मी दोरा चुकीचा लावला, आता हाक येणार, म्हणून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात बाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि तंबोरे तिथेच होते. भरलेले, शांत, एका लयीत. बंद पडले नव्हते. बाई त्यांच्यावर उभ्या होत्या म्हणून मला दिसले नव्हते. पुन्हा आवाज लागला, पुन्हा तंबोरे नाहीसे. बाई थांबल्या, पुन्हा आले. चार पिढ्या आम्ही हे करत होतो आणि कशासाठी करतो ते मला त्या क्षणी कळलं.

रागाचं नाव मला माहीत नव्हतं. तो तोडी होता हे पुष्कळ नंतर समजलं. एका सुराशी बाई परत परत यायच्या, त्याला नुसता हात लावायच्या आणि मागे फिरायच्या. पुढे जाऊन बसतील, बसतील असं वाटायचं, पण बसायच्या नाहीत. अर्ध्या तासाने केव्हातरी बाई त्या सुरावर सरळ जाऊन थांबल्या, आणि हॉलमधल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आहा' निघालं. माझ्याही निघालं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावं असंही वाटत नव्हतं. त्यानंतर मी शेकडो मैफली ऐकल्या, कितीतरी मोठ्या गवयांचे तंबोरे माझ्या हाताखालून गेले. तो सूर लागायच्या आधीची ती वाट बघणं पुन्हा तसं कधी भेटलं नाही.

मैफल संपली तेव्हा साडेबारा वाजले होते. लोक स्टेजकडे धावले. मलाही बाईंच्या पाया पडायचं होतं, मघाचा राग कधीच गेला होता. पण अब्बांनी माझं मनगट धरलं.

"चल."

"बाईंना भेटून…"

"नको. चल."

टोपी डोक्यावर चढवून, कुणाकडेही न बघता ते मागच्या दाराने बाहेर पडले. मृणाल आमच्यामागून "मिस्त्री, ओ मिस्त्री" म्हणत आली होती, पण ते त्यांना कुठून ऐकू येणार? मी वळून तिला हात केला आणि त्यांच्यामागे पळत गेले.

मार्केटच्या रस्त्याला रविवारची गर्दी होती. एसटीचे हॉर्न, टांगे, भाजीवाल्यांची ओरड. अब्बा पुढे पुढे चालत होते. लक्ष्मी मार्केटच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि म्हणाले, "उद्या जमखंडीच्या माणसाला पत्र टाक. त्याचा तंबोरा आपण करत नाही म्हणून. हातातलं आहे तेवढं पुरं करू."

"का?"

"दुकान बंद करायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "असं काय बोलता?"

"शमी, बाईंना मी पत्र लिहिलं होतं," अब्बा म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार बारीक व्हायचा. तेव्हा तसा झाला होता. "महिन्यापूर्वी. लिहिलं, माझे कान गेलेत. दोन वर्षं माझी मुलगी थांब म्हणते, मी थांबतो. ती बरोबर थांबवते की चूक, हे मी कसं सांगू? ज्याला ऐकू येत नाही त्यानं आपल्या पोरीला शाबास म्हणायचं, त्याला काय किंमत? तुम्ही मिरजेला येणार आहात, तर तिच्या हातून काम करून घ्या आणि ऐका. मी लिहिलंय हे तिला सांगू नका, हात कापेल तिचा."

मला सकाळचं एकेक आठवायला लागलं. खोलीतली ती खिडकी, तो प्रश्न, माझ्या मांडीवर मुकाट ठेवलेला तंबोरा.

"पुढं लिहिलं होतं," अब्बा म्हणाले, "काम पटलं तर चार लोकांत तिचं नाव घ्या. म्हणजे उद्या मी नसलो तरी लोक तिच्याकडे येतील. नाही पटलं तर काही बोलू नका, मी समजेन." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काही हरकत नाही बेटा. चूक माझी आहे. तुला आधीच गाणं ऐकवायला पाहिजे होतं. गाणं न ऐकता जवारी कशी कळणार? ते मी कधी केलं नाही."

"अब्बा, त्यांनी घेतलं नाव," मी म्हटलं.

"हां, माझं घेतलं. सांगितलंस तू."

"तुमचं नाही. माझं. माझं घेतलं!"

शेजारून एसटी गेली. ते माझ्या ओठांकडे बघत होते, पण मी रडत होते आणि ओठ नीट हलत नव्हते. त्यांनी भुवया वर केल्या. "काय?"

दोन वर्षं मी रस्त्यात त्यांच्याशी मोठ्याने एक शब्द बोलले नव्हते. कुणाला कळू नये म्हणून. आता मी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडले, "माझं नाव घेतलं अब्बा! सगळ्यांसमोर! म्हणाल्या, शमीमनं जवारी काढली! म्हणाल्या, इतका चांगला कधी बोलला नव्हता तंबोरा!"

आजूबाजूची माणसं थबकली. कोथिंबिरीच्या पेंढ्या मांडून बसलेली एक बाई मला म्हणाली, "काय गं पोरी, म्हाताऱ्या बापावर वरडतीस व्हय रस्त्यात?"

"त्यांना ऐकू येत नाही, मावशी!" मी तितक्याच मोठ्याने सांगितलं. "माझ्या अब्बांना ऐकू येत नाही!"

"आत्ता गं बया," ती म्हणाली. "मग वरड की. जोरात वरड."

अब्बांच्या टोपीखालचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी कपाळ, मग डोळे. त्यांनी माझा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि एक बोट कानामागे धरलं.

"नीट ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "परत सांग."

मी परत ओरडून सांगितलं. बाई काय म्हणाल्या, शब्द न् शब्द. लोक कसे हसले, टाळ्या कशा वाजल्या, सगळं.

"कुणी काढली म्हणाल्या जवारी?"

"शमीमनं!"

"कुणी?"

तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं, की त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी सांगितलं. मार्केटपासून घरापर्यंत, ते विचारत राहिले आणि मी ओरडत राहिले.